रशियन आणि अम्हारिक भाषा कुठे बोलल्या जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या दोन भाषा मुख्यतः कोणत्या देशांत बोलल्या जातात?

रशियन भाषा रशियात बोलली जाते हे सांगायला नको. त्याखेरीज बेलारूस, कझाखस्तान, किर्गिझस्तान, युक्रेन, मोल्दोवा, लाटव्हिया, एस्टोनिया अशा, एके काळी सोव्हिएत संघात असलेल्या जवळपास प्रत्येक देशात तिचे भाषक कमीअधिक संख्येने आहेत. अम्हारिक मात्र मुख्यतः एकाच देशाची, आफ्रिकेच्या पूर्वेकडील इथिओपियाची भाषा आहे. देशाबाहेर ती इस्रायल, अमेरिका आणि इतरत्र स्थायिक झालेल्या इथिओपियन कुटुंबांत ऐकू येते. मातृभाषा आणि दुसरी भाषा म्हणून बोलणारे सगळे धरले, तर रशियनचे भाषक २५ कोटींच्या आसपास आणि अम्हारिकचे पाच कोटींहून अधिक आहेत, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

इतक्या दूरच्या भाषांची तुलना करण्यात काय अर्थ आहे?

दोन्ही भाषांचे कूळ वेगळे आहे. रशियन ही इंडो-युरोपीय कुळातील स्लाव्हिक शाखेची, म्हणजे मराठीची फार लांबची का होईना पण नातेवाईक. अम्हारिक ही सेमिटिक शाखेची, म्हणजे अरबी आणि हिब्रू यांच्या गोतावळ्यातील. तुलना कुळाची करायची नाही, विस्ताराची करायची आहे. दोन्ही भाषा एकेका साम्राज्याच्या राज्यकारभारासोबत आपल्या मूळ प्रदेशाबाहेर गेल्या, दोन्ही वेगवेगळ्या मातृभाषा असलेल्या लोकांना जोडणाऱ्या संपर्कभाषा झाल्या, आणि राजवटी कोसळल्यानंतर दोघींच्याही स्थानाबद्दल वाद उभे राहिले. फरक एवढाच, पण तो फार मोठा, की रशियनचे साम्राज्य फुटून पंधरा देश झाले आणि ती त्या देशांत विखुरलेली राहिली. इथिओपिया मात्र, पुढे वेगळा झालेला शेजारचा एरिट्रिया वगळता, एकसंध राहिला आणि अम्हारिक त्याच्या सीमांच्या आतच राहिली. नकाशावर देशाला एकच रंग देऊन भाषा दाखवण्याची सवय या दोन्ही भाषांच्या बाबतीत आपल्याला फसवते, म्हणून ही तुलना मला महत्त्वाची वाटते.

अम्हारिक ही इथिओपियातील बहुसंख्य लोकांची मातृभाषा आहे ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देणे योग्य होईल. इथिओपियात अखेरची जनगणना २००७ साली झाली. त्या वेळी देशाची लोकसंख्या सुमारे ७ कोटी ३७ लाख होती. त्यांपैकी सुमारे ३३.८ टक्के लोकांची मातृभाषा ओरोमो होती, तर अम्हारिक २९.३ टक्क्यांसह दुसऱ्या क्रमांकावर होती. त्यानंतर सोमाली आणि तिग्रिन्या यांचा क्रम लागत होता. देशात ऐंशीहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि त्यांपैकी कोणतीही निम्म्या लोकसंख्येची मातृभाषा नाही.

याच जनगणनेतील आणखी एक जोडी पाहण्यासारखी आहे. अम्हारा समाजाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ९९ लाख नोंदवली गेली, पण अम्हारिक मातृभाषा असलेले लोक सुमारे २ कोटी १६ लाख होते. ओरोमोच्या बाबतीत हे उलटे होते. समाजाची संख्या भाषकांपेक्षा थोडी जास्त होती. याचा अर्थ असा, की इतर समाजांतील लाखो लोकांच्या घरात अम्हारिक ही पहिली भाषा होऊन बसली आहे. राजधानी अदिस अबाबात हे ठळकपणे दिसते. तेथे अम्हारा समाजाचे लोक ४७ टक्के होते, पण अम्हारिक मातृभाषा असलेले ७१ टक्के. गुरागे किंवा ओरोमो आईबापांची शहरात वाढलेली मुले अम्हारिकमध्येच खेळली आणि भांडली, आणि एका पिढीत घरची भाषा बदलली. मुंबईत स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांत असेच घडलेले आपण पाहतो.

रशियाची स्थिती याच्या अगदी उलट आहे. तेथेही शंभराहून अधिक भाषा आहेत, परंतु २०१०च्या जनगणनेत सुमारे १४ कोटी २९ लाख लोकसंख्येपैकी सुमारे १३ कोटी ७५ लाख लोकांनी आपल्याला रशियन येते असे सांगितले. तातार, चेचेन, बश्कीर, चुवाश, याकूत अशा भाषा बोलणाऱ्यांनाही रशियन येतेच.

इथिओपियात अम्हारिक नेमकी कोणत्या भागात बोलली जाते?

तिचे माहेर म्हणजे देशाच्या वायव्य आणि मध्य भागातील उंच पठार. गोंदर, गोज्जाम, वोल्लो आणि शेवा हे तिचे जुने प्रांत, आणि ताना सरोवराच्या काठचे बाहिर दार हे आजच्या अम्हारा प्रांताचे मुख्य शहर. प्रत्येक प्रांताची बोली थोडी निराळी आहे. अदिस अबाबातील बोलणे सध्या प्रमाण मानले जाते.

पठाराबाहेर पडले, की अम्हारिक प्रामुख्याने शहरांची भाषा होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट दुसरा मेनेलिक याने दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे राज्य वाढवले, तेव्हा जिंकलेल्या मुलखात लष्करी ठाणी वसवली गेली. शिपाई, कारकून, धर्मगुरू आणि व्यापारी तेथे राहू लागले आणि पुढे त्या ठाण्यांची गावे व शहरे झाली. त्यामुळे आजही ओरोमिया प्रांतातील अदामा किंवा जिम्मा या शहरांच्या बाजारात अम्हारिक सहज चालते, पण शहराची वेस ओलांडून शेतांकडे गेले की ओरोमो सुरू होते. राजधानी अदिस अबाबाच ओरोमिया प्रांताने चारही बाजूंनी वेढलेली आहे, ही गोष्ट इथिओपियाचे राजकारण समजून घेताना विसरून चालत नाही. दक्षिणेत, जेथे लहान लहान भाषांची दाटी आहे, तेथे एका भाषकाने दुसऱ्याशी बोलायचे ते बहुधा अम्हारिकमधूनच.

उत्तरेकडील मेकेले शहरात तिग्रिन्या आणि पूर्वेकडील जिजिगा येथे सोमाली ऐकू येते. तेथे अम्हारिक समजणारे भेटतील, परंतु ती तेथील लोकांची घरची भाषा नाही.

अम्हारिकला इथिओपियात कोणता कायदेशीर दर्जा आहे?

मध्ययुगापासून ती राजदरबाराची बोली होती, आणि ‘लिसाने नेगुस’ म्हणजे राजाची भाषा असे तिला म्हणत. लिखाण मात्र दीर्घकाळ गीझ या प्राचीन भाषेत होत असे. ती आज केवळ चर्चमधील उपासनेत उरली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सम्राट दुसरा तेवोद्रोस याच्या काळापासून अम्हारिक दरबारी लेखनात रुळली. १९५५च्या राज्यघटनेने तिला साम्राज्याची अधिकृत भाषा ठरवले. १९९५ साली लागू झालेल्या सध्याच्या राज्यघटनेने हे शब्द काळजीपूर्वक बदलले आहेत. तिच्या पाचव्या कलमानुसार इथिओपियातील सर्व भाषांना समान मान्यता आहे, अम्हारिक ही संघराज्य शासनाची कामकाजाची भाषा आहे, आणि प्रत्येक प्रांताला आपली कामकाजाची भाषा ठरवण्याचा अधिकार आहे. ओरोमो, तिग्रिन्या, सोमाली आणि अफार या चार भाषांनाही केंद्रीय कामकाजात स्थान देण्याचा निर्णय २०२० साली जाहीर झाला. ज्या देशात सर्वांत मोठ्या भाषेच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयात दुभाष्या घेऊन उभे राहावे लागले, तेथे हा निर्णय उशिराचा म्हणावा लागेल.

रशियन भाषा रशियाच्या बाहेर इतकी कशी पसरली?

तीन टप्पे वेगळे पाहिले की चित्र स्पष्ट होते. पहिला टप्पा झारशाहीचा. रशियन तुकड्या १६३९ साली प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचल्या, पुढे काकेशस आणि मध्य आशिया ताब्यात आले, आणि १८९१ साली सुरू झालेल्या सायबेरियन रेल्वेने वसाहतीचा ओघ वाढवला. अलास्कादेखील १८६७ साली अमेरिकेला विकले जाईपर्यंत रशियाकडे होते.

दुसरा टप्पा सोव्हिएत राजवटीचा, आणि भाषेच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरला. १९३८च्या आदेशाने सर्व प्रजासत्ताकांतील शाळांत रशियन विषय सक्तीचा झाला. कारखाने, खाणी आणि धरणे उभी राहिली, तसे त्यांच्याभोवती नाना प्रांतांतून आलेल्या कामगारांच्या वसाहती झाल्या आणि त्यांची समान भाषा रशियन ठरली. दुसऱ्या महायुद्धात व्होल्गा नदीकाठचे जर्मन, तसेच चेचेन आणि इतर अनेक समाज सक्तीने कझाखस्तान, सायबेरिया व मध्य आशियात हलवले गेले. १९५४पासून पडीक जमीन लागवडीखाली आणण्याच्या मोहिमेने उत्तर कझाखस्तानात लाखो नवे लोक आणले. पसरलेल्या भाषेमागे इतकी सक्तीची स्थलांतरे आहेत, हे आकडे वाचताना लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरा टप्पा १९९१नंतरचा. सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि कोट्यवधी रशियनभाषक, घर न सोडताच, परक्या देशाचे रहिवासी झाले.

रशियाशिवाय कोणत्या देशांत रशियनला अधिकृत स्थान आहे?

बेलारूसमध्ये १९९५च्या सार्वमतानंतर तिला बेलारूसी भाषेच्या बरोबरीचा दर्जा मिळाला, आणि घराघरांत तर तीच अधिक बोलली जाते. किर्गिझस्तानात किर्गिझ ही राज्यभाषा आणि रशियन ही अधिकृत भाषा, अशी दुहेरी रचना आहे. कझाखस्तानच्या १९९५च्या राज्यघटनेने कझाखला राज्यभाषा ठरवले आणि शासकीय संस्थांत रशियनचाही वापर कायम ठेवला. ताजिकिस्तानात ती विविध समाजांमधील संपर्काची भाषा मानली गेली आहे. मोल्दोवातील गागाउझिया या स्वायत्त प्रदेशात ती अधिकृत भाषांपैकी एक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांतही तिचा समावेश होतो.

अम्हारिकला इथिओपियाबाहेर कोणत्याही देशात असा दर्जा नाही. आफ्रिकी संघाचे मुख्यालय अदिस अबाबात आहे, पण त्याच्या भाषांच्या यादीत स्वाहिलीचे नाव येते, अम्हारिकचे नाव स्वतंत्रपणे येत नाही.

रशियन कोठे मागे हटत आहे?

बाल्टिक देशांत आणि युक्रेनमध्ये हा प्रश्न केवळ भाषेचा राहिलेला नाही. रशियनला दुसरी राज्यभाषा करावे का, यावर लाटव्हियात २०१२ साली सार्वमत झाले, आणि सुमारे तीन चतुर्थांश मते विरोधात पडली. एस्टोनियात देशभर एस्टोनियन हीच राज्यभाषा आहे, परंतु रशियाच्या सीमेवरील नार्वा शहरात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक रशियनभाषक आहेत.

युक्रेनमध्ये २००१च्या जनगणनेत २९.६ टक्के लोकांनी रशियन ही मातृभाषा सांगितली होती. पूर्वेकडील आणि दक्षिणेकडील शहरांत ती प्रबळ होती. २०१९च्या कायद्याने सार्वजनिक व्यवहारात युक्रेनियनचा वापर अनिवार्य केला, आणि २०२२ साली रशियाने पूर्ण आक्रमण केल्यावर अनेक रशियनभाषक कुटुंबांनी स्वतःहून युक्रेनियन बोलायला सुरुवात केली. लहानपणापासूनची भाषा प्रौढ वयात जाणीवपूर्वक बाजूला ठेवणे किती अवघड असते, हे कोणत्याही भाषाप्रेमी माणसाला सांगावे लागणार नाही. जुन्या जनगणनेचे आकडे आजच्या युक्रेनला लावणे म्हणूनच चुकीचे ठरते.

अम्हारिक कधी दुसऱ्या देशात गेली होती का?

एरिट्रियात गेली होती. १९५२ साली एरिट्रिया इथिओपियाशी संघराज्याच्या रूपाने जोडला गेला आणि १९६२ साली ते संघराज्य मोडून तो प्रदेश थेट साम्राज्यात विलीन करण्यात आला. तेथील तिग्रिन्या आणि अरबी या भाषांना मागे सारून शाळा व कचेऱ्यांत अम्हारिक आणली गेली, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात हा सल शेवटपर्यंत होता. १९९३ साली एरिट्रिया स्वतंत्र झाल्यावर अम्हारिकचे ते स्थान संपले.

दोन्ही भाषा शेजारी शेजारी ऐकू येतील असे ठिकाण आहे का?

आहे, आणि ते दोन्ही देशांपासून दूर, इस्रायलमध्ये आहे. १९८४ साली सुदानमार्गे आणि मे १९९१मध्ये थेट अदिस अबाबाहून, इथिओपियातील ज्यू लोकांना विमानांनी इस्रायलला नेण्यात आले. १९९१च्या मोहिमेत सुमारे ३६ तासांत चौदा हजारांहून अधिक माणसे हलवली गेली. यांतील बरेच लोक गोंदर परिसरातील असल्याने त्यांची भाषा अम्हारिक होती. काहींची तिग्रिन्या होती. नेमक्या त्याच वर्षांत सोव्हिएत संघातून ज्यू कुटुंबांचा लोंढा सुरू झाला आणि एका दशकात सुमारे दहा लाख लोक येऊन पोहोचले.

त्यामुळे इस्रायलच्या सार्वजनिक नभोवाणीवर नव्याने आलेल्यांसाठी रशियन आणि अम्हारिक या दोन्ही भाषांत कार्यक्रम होऊ लागले. दोघींचे नशीब मात्र सारखे नाही. रशियनभाषकांची संख्या मोठी, त्यांची स्वतःची वर्तमानपत्रे, दुकाने आणि नाट्यसंस्था. अम्हारिकभाषकांची संख्या त्यामानाने लहान, आणि इस्रायलमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलांना हिब्रूच जवळची वाटते.

अमेरिकेत या भाषांची ठिकाणे वेगवेगळी आहेत. न्यूयॉर्कमधील ब्रायटन बीच रशियनसाठी प्रसिद्ध, तर राजधानी वॉशिंग्टन आणि तिची उपनगरे अम्हारिकसाठी. वॉशिंग्टन शहराच्या २००४च्या कायद्यामुळे तेथील सरकारी कचेऱ्यांना ज्या परकीय भाषांत सेवा द्यावी लागते, त्यांत अम्हारिकही आहे.

या दोन भाषांचा एकमेकींशी थेट संबंध आला आहे का?

आला आहे. १९७४ ते १९९१ या काळात इथिओपियात लष्करी समाजवादी राजवट होती आणि हजारो इथिओपियन विद्यार्थी सोव्हिएत संघात शिकून आले. त्या पिढीतील डॉक्टर, अभियंते आणि अधिकारी आजही रशियन बोलू शकतात, जरी अदिस अबाबाच्या रस्त्यावर ती ऐकू येत नसली तरी. उलट बाजूने, सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात अम्हारिकच्या अध्यापनाची जुनी परंपरा आहे.

लिपी पाहून भाषा ओळखता येते का?

लिपीवर विसंबून राहू नये. सिरिलिक अक्षरे दिसली म्हणजे ती रशियनच असे नाही. बल्गेरियन, सर्बियन, युक्रेनियन आणि मंगोलियन यांच्याही पाट्या त्याच लिपीत असतात. तसेच अम्हारिक ज्या गीझ लिपीत लिहिली जाते, तिच्यातील पाटी एरिट्रियाची राजधानी अस्मारा किंवा मेकेले येथे दिसली, तर ती बहुधा तिग्रिन्या असते. देवनागरीतील मजकूर मराठी आहे, हिंदी आहे की नेपाळी, हे जसे वाचूनच कळते, तसाच हा प्रकार आहे. मराठी वाचकाला अम्हारिकची लिपी विशेष आपली वाटेल, कारण प्रत्येक व्यंजनाची सात स्वरांनुसार सात रूपे होतात आणि मुले ती आपल्या बाराखडीसारखी म्हणत पाठ करतात. उलट ओरोमो भाषा १९९१पासून रोमन लिपीत लिहिली जाते, त्यामुळे इथिओपियातील एकाच चौकात दोन लिपींच्या पाट्या दिसतात.

महाराष्ट्रातून वैद्यकीय शिक्षणासाठी किर्गिझस्तान, कझाखस्तान किंवा रशियात जाणाऱ्यांना रशियन लागते का?

लागते. वर्गातील शिकवणी इंग्रजीत असली, तरी रुग्णालयात रुग्ण इंग्रजी बोलत नाही. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे विचारण्यापुरती तरी रशियन यावीच लागते. किर्गिझस्तानातील बिश्केक किंवा कझाखस्तानातील अल्माटी येथे शहरभर रशियन चालते. किर्गिझस्तानच्या दक्षिणेतील ओश शहरात मात्र किर्गिझ आणि उझबेक अधिक ऐकू येतात, तेव्हा केवळ रशियनवर भिस्त ठेवता येणार नाही. रशियातील कझान शहरात तातार भाषेच्या पाट्या दिसल्या तरी व्यवहार रशियनमध्ये होतो. रशियनचे प्राथमिक शिक्षण पुण्या-मुंबईत, दोन्हीकडच्या विद्यापीठांतही, घेता येते, आणि ते जाण्यापूर्वी घेतलेले बरे.

कोकणातील सिद्दी लोक मूळचे हबशी असतील, तर त्यांची भाषा अम्हारिक आहे का?

नाही. ‘हबशी’ हा शब्द अरबांनी इथिओपियाच्या पठाराला दिलेल्या ‘हबश’ या नावावरून आला, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला मराठीत ‘हबसाण’ म्हणत. परंतु भारतात ‘हबशी’ हे नाव पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कोणालाही सरसकट लावले गेले, आणि गुलाम म्हणून विकली गेलेली माणसे अनेकदा साम्राज्याच्या सीमेवरील वेगळ्या भाषांच्या समाजांतील असत. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर इथिओपियातूनच आला, पण तो ओरोमो समाजातील असावा असे काही अभ्यासक मानतात. आज महाराष्ट्रातील सिद्दी कुटुंबे आजूबाजूच्या लोकांच्याच भाषा बोलतात.